वरचा मृतबिंदू

वस्तुमान गुणिले त्वरण
बरोबर डावीकडचा दाब वजा उजवीकडचा दाब,
वजा घर्षण, वजा विजेचा ओढा.
एवढंच आहे खरं तर.
एवढ्या ओळीपायी माझी तीन वर्षं गेली
माटुंग्याच्या या प्रयोगशाळेत,
जिथं एसी लावतात तो संगणकासाठी.

बावतीस मेस्त्री पहिल्या दिवशी आले
ते चहाचा ग्लास हातात घेऊनच.
अडतीस वर्षं दारूखान्यात क्रँकशाफ्ट घासलेला माणूस:
मोडीत निघालेल्या ट्रॉलरांचे, टगांचे,
एकदा एका ड्रेजरचा, ज्याला सहा हमाल लागले.
माझ्या आकृतीवर त्यांचं बोट फिरत राहिलं.
दोन टोकांना दोन ज्वलनकक्ष, मध्ये दांडा,
दांड्यावर चुंबकं, भोवती तांब्याची वेटोळी.
“क्रँक कुठाय?”
यात नसतोच, म्हटलं.
“आणि कनेक्टिंग रॉड?”
तोही नाही.
“मग ह्याला परत फीर म्हणून सांगतं कोण?”

समोरची हवा.
दाबत दाबत नेली की तीच म्हणते, पुरे.
कुठं म्हणेल, ते आधी ठरलेलं नसतं.
तुमच्या इंजिनात वरचा मृतबिंदू लोखंडातच घडवलेला,
इथं तो दर फेरीला नव्यानं
उत्तर म्हणून काढावा लागतो.
मेस्त्री हसले. “म्हणजे बिनलगामी.”
ग्लास खिडकीत ठेवला.
“म्हणजे आमचं दुकान बंद.”

एकेका मायक्रोसेकंदाची पायरी.
यंत्राचे चार सेकंद मोजायला संगणकाला पाऊण तास,
तेवढ्यात किंग्ज सर्कलला इडली खाऊन होते.
परतून बघावं तर सतराव्या आवर्तनाला
दट्ट्या झाकणातून आरपार गेलेला,
आकारमान उणे,
पडद्यावर लाल अक्षरं.
कधी उलटच. एक ठिणगी चुकते,
दट्ट्या पोचत नाही, पुढचा दाब पुरत नाही,
त्याच्या पुढचा तर नाहीच.
फ्लायव्हील असतं तर मागच्या कमाईवर
दोन फेऱ्या निघाल्या असत्या.
याचं हातावर पोट.

आणि सगळं जमलं त्या आठवड्यात कळलं
की कोपऱ्यातलं खरं यंत्र
माझ्या आलेखाच्या चार मिलिमीटर अलीकडेच वळतंय.
सगळी पदं तपासली. घर्षण तपासलं नाही,
ते एकच आकडा होतं, सरळ, गुणी,
कुठल्याशा पुस्तकातून उचललेलं.

मेस्त्री सोमवारी गोणपाटात गुंडाळून
एक जुना लायनर घेऊन आले.
“आतून नख फिरव.”
मध्ये आरसा.
वर, अगदी वर, नख अडकलं.
“रिंग वळताना घटकाभर थांबते.
थांबली की तेल फाटतं, लोखंडाला लोखंड लागतं.
झीज सगळी तिथं. तू मधेच मोजत बसलीस.”

त्या रात्री घर्षणाचे तुकडे केले,
धावताना कमी, वळणावर जास्त.
चार मिलिमीटरांचे सव्वा झाले.
शून्य नाही झाले, होणारही नाहीत,
पण सव्वावर माणूस घरी जाऊन झोपू शकतो.

सकाळी त्यांना चित्र दाखवलं:
आडव्या अक्षावर स्थान, उभ्यावर वेग,
आणि रेघ स्वतःभोवती फिरत फिरत
एका वळशात स्थिरावलेली,
अंड्यासारखी, एका अंगाला जराशी दबलेली.
मेस्त्रींनी चष्मा कपाळावर नेला,
पडद्याला नाक लागेपर्यंत वाकले.
“ह्या एकावर एक नाहीत बसलेल्या.
केसभर फट आहे.”
असते, म्हटलं. दर फेरीला थोडं निराळीकडे वळतो.
“मग ह्याची कड कुठं पडेल?”

माझ्या ओळीत झिजेचं पद नव्हतं.
अजूनही नाही.
लायनर माझ्या टेबलावर उभा आहे, त्यात पेनं ठेवते.
फोनवर कुणाशी लांबलं
की नख आपोआप वरच्या कडेशी जातं.